झटक्याचे चार आठ

माझ्या बहिणीच्या मुलाला नाचता येत नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. बारा वर्षं तो नाचत होता आणि बारा वर्षं घरच्यांनी ही बातमी त्याच्यापासून लपवून ठेवली. घरचे म्हणजे मुख्यतः त्याची आई, माझी थोरली बहीण. मी त्यात नाही. मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, पण खरं बोलणाऱ्या मावशीला विचारतो कोण?

त्याला सगळे झटका म्हणतात. हे नाव त्याच्या नाचाच्या मंडळींनी ठेवलं आणि हा ते पदवीसारखं मिरवतो. वय चौतीस. पोट दिसायला लागलंय, गुडघे कटकट वाजतात, आणि डोक्यावर बारा महिने एक लोकरी टोपी, बाहेर ऊन भाजत असलं तरी. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आता यातली गंमत बघा. लिफ्ट थांबताना झटका देते म्हणून लोक याला बोलावतात. हा दिवसभर दहा इमारतींच्या लिफ्टमधले झटके काढतो, आणि संध्याकाळी ते सगळे गोळा करून स्वतःच्या अंगात घालून घेतो.

त्यांचा तो रस्त्यावरचा नाच तुम्ही पाहिला असेल. मनगट, मान, छाती, पोटरी, एकेक स्नायू तालावर एकदम आवळायचा आणि सोडायचा. त्याला ते ‘हिट मारणं’ म्हणतात. जाणत्या माणसाने मारली तर बघणारा चालता चालता थांबतो. आमच्याने मारली की वाटतं, कुणीतरी ओल्या हाताने दिव्याचं बटण दाबलं.

त्याच्या नाचातली खोट कळायला मला पाच मिनिटं लागली. गाण्यात जो जो आवाज येईल तो याला पाहिजे. ढोल वाजला, हिट. टाळी वाजली, हिट. मागे बारीक टिकटिक चालू असते ना, तिच्यावरही हिट. गाणारा बिचारा श्वास घ्यायला थांबला, तर त्या श्वासावर दोन. फुकटचं जेवण दिसलं की काही माणसं ताटात एकावर एक ढीग रचतात, तशातला प्रकार. आणि सगळं एकाच जोराने.

एकदा मला म्हणतो, “याला म्युझिकॅलिटी म्हणतात, मावशी. गाण्यातला बारीकसारीक आवाजसुद्धा मला ऐकू येतो.”

“ऐकू कुत्र्यालाही येतं,” मी म्हटलं. “पण कशावर भुंकायचं आणि कशावर नाही, एवढं त्याला कळतं.”

राग नाही आला. या माणसाला राग कधी येत नाही, तो फक्त टोपी आणखी खाली ओढतो.

मंडळींची जागा आमच्या इमारतीसमोर, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा ओटा. दुकानाला भली मोठी काच आहे. ऊन असेतो ती काच आरसा होते आणि सहाच्या सहा जण तिच्यापुढे स्वतःवर खूश होत अंग मोडतात. ऊन उतरलं की तिच्यात माणसं दिसेनाशी होतात आणि आतले धूळ खात पडलेले सोफे दिसायला लागतात. सोफे नाचत नाहीत, पण निदान एका जागी शोभून तरी दिसतात. मग बाकीचे पाच घरी जातात आणि आमचा वीर चौथ्या मजल्यावर माझ्याकडे येतो, कारण माझ्या कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा आहे. तो पुढच्या खोलीत नाचतो आणि शोकेसमधल्या माझ्या कपबशा थडथडतात. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणतात. हा कधी माझ्या फरशीला नावं ठेवायचा, कधी कपाटाला. एकदा तर माझ्या बसण्याला ठेवली. म्हणे, “मावशी, तू अशी तोंड करून बसलीस की लय जाते माझी.”

“नसलेली वस्तू जाते कशी रे?”

यंदा मात्र त्याच्यावर खरंच वेळ आली.

दरवर्षी या मंडळांची एक स्पर्धा होते. सहा जणांनी मिळून नाचायचं, आणि मधोमध एकट्याने ‘चार आठ’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चार आठवडे, आणि मी मनात म्हटलं, प्रेक्षकांना घरी कधी सोडतात? तसं नाही. हे लोक आठाच्या पुढे मोजतच नाहीत. एक ते आठ झाले की परत एक. बालवाडीतली पोरं याच्या पुढे गेलेली असतात. तर असे चार आठ, म्हणजे जेमतेम वीस सेकंद. ते वीस सेकंद बारा वर्षं झटक्याचे होते. का? तो उत्तम नाचायचा म्हणून? छे. स्पीकर त्याचा होता म्हणून.

यंदा मंडळाची सूत्रं एका नव्या माणसाकडे आली. तो सव्वीस वर्षांचा आहे आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. त्याला चष्मेवाला म्हणतात. स्वतःचे डोळे ठणठणीत. बोलणंही दुकानातल्यासारखंच: हे दिसतंय? आता हे? आधीचं बरं की हे बरं? आणि त्याच सुमाराला एक मुलगी मंडळात आली. चपलांच्या दुकानात काम करते, दिवसभर शिडीवर चढून खोकी काढते. फारशी बोलत नाही. नाचायला लागली की हाडं कुठे गेली असा प्रश्न पडतो. तिला मीच लोणी नाव ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं. झटक्यालासुद्धा ते आवडलं, कारण लोणी आपलं काय वाकडं करणार, असा त्याचा समज.

एका गुरुवारी चष्मेवाला त्याला म्हणाला, “दादा, एक बोलू? यंदा सोलो लोणीला देऊ या का?”

मी भाजीची पिशवी घेऊन तिथून जात होते. जात होते म्हणजे थांबले होते.

“का?” झटका म्हणाला.

“तुझी हिट चांगली आहे दादा. पण एकच आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. टेक्स्चर नाही. कंट्रोल नाही.”

“बारा वर्षं मी…”

“म्हणूनच म्हणतोय. रविवारी चार वाजता बघू. मी एक गाणं लावतो, तुम्ही दोघांनीही न ऐकलेलं. दोघं चार-चार आठ करा. ज्याचे चांगले त्याचा सोलो.”

न ऐकलेलं गाणं! इथेच आमच्या वीराचा रंग उडाला. कारण बारा वर्षं दरवर्षी एकच गाणं धरून, महिनाभर घोटून, त्यातल्या टिकटिकीसकट पाठ करून हा नाचत आला होता. पाढे पाठ केलेल्या माणसाला एकदम कुणी बाजारात नेऊन उभं करावं, तसं झालं.

संध्याकाळी माझ्याकडे आला. नाचला नाही. कपाटासमोर उभा राहून स्वतःचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चोळत राहिला.

“मावशी, टेक्स्चर म्हणजे काय गं?”

“पोत. कापडाला असतो. मखमलीचा निराळा, गोणपाटाचा निराळा.”

“आणि माझा?”

“पत्र्याचा.”

तो स्टुलावर बसला. मी म्हटलं, “एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पाच जणांत नाच की. घाम तेवढाच येतो.”

तर म्हणतो, “मावशी, लिफ्ट नीट चालते तेव्हा माणूस काय करतो? आरशात केस सारखे करतो. बंद पडली की मला शिव्या घालतो. नीट चालते म्हणून आजवर कुणी मान वर करून बघितलंय? वर्षातून एकदा, वीस सेकंद, हॉलभर माणसं माझ्याकडे बघतात. काही बिघडलेलं नसताना.”

मी चहा टाकायला उठले आणि दारातून म्हटलं, “बिघडलेलं नाही असं कुणी सांगितलं तुला?”

पण चहात साखर घालायची विसरले, आणि त्यानेही तो तसाच प्यायला.

शनिवारी सकाळी आमच्याच इमारतीच्या लिफ्टचं काम होतं. ती गेला महिनाभर मजल्यावर येऊन असा धक्का द्यायची की सहाव्या मजल्यावरच्या म्हातारीची कवळी एकदा हातात आली होती. झटका पिशवी घेऊन आला आणि मला म्हणाला, “मावशी, आत उभी राहा. वजन पाहिजे.”

“मेल्या, वजन म्हणून मावशी?”

“रिकाम्या लिफ्टला काही कळत नाही. चल.”

उभी राहिले. त्याने खिशातून एक नाणं काढलं आणि लिफ्टच्या जमिनीवर कडेवर उभं केलं. वर गेलो. चौथा मजला आला, धाड! नाणं आडवं. तो वर मशीनच्या खोलीत गेला, ब्रेकशी काहीतरी खुडबुड केली, खाली आला. परत नाणं. या वेळी लिफ्ट येते, येते, येते, मजला चार बोटं खाली राहिला तरी येतेच आहे. नाणं उभं राहिलं, पण दार उघडल्यावर मी ठेचकाळले. तो परत वर गेला. असं सहा वेळा. मी वजनाचं काम करत होते, तक्रार करायलाही तोंड मोकळं नव्हतं, कारण मी बोलले की तो ‘शूः’ म्हणायचा. टोपी कानावरून वर सरकवलेली, डोळे मिटलेले, चपला काढून अनवाणी. पायाच्या तळव्यांनी ऐकत होता.

सातव्या वेळी लिफ्ट थांबली ते मला कळलंच नाही. दार उघडलं तेव्हा कळलं. नाणं उभं.

“बसली,” तो म्हणाला आणि वहीत लिहिलं.

ती वही मी मागून घेतली. चौकशी करायची मला सवय आहे, लपवून काय करू? प्रत्येक इमारतीचा नंबर आणि पुढे एकच शब्द. आदळते. आदळते. रेंगाळते. बसते. आदळते. पानंच्या पानं हेच.

“हे काय रे?”

“तीनच तर प्रकार असतात. मजल्यावर आपटली, तर आदळते. थांबू की नको करत बसली, तर रेंगाळते. आणि नीट थांबली तर बसते.”

“आणि बसवायची कशी?”

“थांबणं मजल्यावर नसतंच, मावशी. मजला अर्धा लांब असतो तेव्हाच सुरू करायचं. वेग काढून घ्यायचा, पण आतल्या माणसाला कळू द्यायचा नाही. नुसता जोर कुणीही लावेल. जोर काढून घेता आला पाहिजे.”

हे तो डोळे मिटून, सहज बोलला. खरं सांगते, चौतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला देखणा वाटला. तोही त्या टोपीसकट. आणि त्याच क्षणी मला त्याचा असा संताप आला की काय सांगू.

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “हे सगळं येतं तुला? मग नाचताना का आदळतोस?”

“तो नाच आहे. ही लिफ्ट आहे.”

“फरक काय?”

“लिफ्टमध्ये माणसं असतात.”

“आणि तुझा नाच काय सोफे बघतात?”

त्याने नाणं उचललं, वही माझ्या हातातून घेतली आणि जिन्याने खाली गेला. लिफ्टवाला जिन्याने गेला म्हणजे केवढा रुसला असेल बघा. मी घरात आले, मटार सोलायला घेतले. अर्ध्या तासाने बेल वाजली.

“परत सांग,” तो म्हणाला.

पुढे जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. आधी तो स्वतःच लिफ्ट झाला. हात छातीशी जुळवून दोन दारं केली आणि गुडघ्यांतून मजले दाखवायला लागला. तळमजला, पहिला, दुसरा. तिसऱ्याला गुडघा अडकला तो अडकलाच. मटाराच्या शेंगा माझ्या मांडीवरून घरभर झाल्या, इतकी मी हसले.

“लिफ्ट होऊ नकोस रे बाबा! लिफ्टवाला हो!”

मग मी त्याचा फोन घेतला आणि कुठलंतरी गाणं लावलं. म्हटलं, ढोलाला हात लावायचा नाही. टाळीला नाही. त्या टिकटिकीकडे तर बघायचंसुद्धा नाही. खाली तो जाड, घुमणारा आवाज आहे, फक्त तो तुझा. बाकीचे सगळे दुसऱ्याचे. आणि तो आल्यावर धावायचं नाही. आधी निघायचं आणि त्याच्यावर येऊन बसायचं.

“बाकीचे नुसते सोडून द्यायचे?” त्याच्या चेहऱ्यावर अशी कळा, जणू मी त्याला भरलं घर सोडायला सांगतेय.

“सोडून द्यायचे. मरत नाहीस.”

त्याने हात उचलला. कपबशा थडथडल्या.

“आदळला,” मी म्हटलं. मी बघतही नव्हते, खाली बसून शेंगा गोळा करत होते. “परत.” या वेळी हात निघाला आणि कधीच पोचला नाही. “रेंगाळला. परत.” थडथड. “आदळला.” थडथड. “आदळला. मला काय मटारांबरोबर सोलतोयस? परत.” हळूहळू करताना त्याचा हात थरथरायला लागला. जोरात मारताना कधी न थरथरणारा हात, हळू न्यायला सांगितला की लटपटतो, हे त्यालाही नवीन होतं. दुपार तशीच गेली. चाळीसएक वेळा झालं असेल. मग एकदा गाण्यातला तो जाड आवाज आला, कपबशा वाजल्या नाहीत, आणि तरी माझी मान आपोआप वर झाली. त्याचा हात खांद्याच्या उंचीवर होता. कधी तिथे पोचला ते मला कळलंच नाही.

तो म्हणाला, “बसला?”

“एकदा. आंधळ्याचाही दगड एकदा लागतो. परत.”

तेवढ्यात ताईचा फोन. “काय गं, पोरगा तिथे आहे का? जेवला का? उद्याचं काय होईल गं त्याचं?”

“पडेल,” मी म्हटलं.

“असं नको ना बोलूस. तो इतका छान नाचतो.”

“ताई, बारा वर्षं तू हे बोललीस म्हणून ही वेळ आली,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी चार वाजता काचेवर झक्क ऊन होतं. मी खुर्ची घेऊनच खाली उतरले. चष्मेवाल्याने बघितलं आणि बाजूला सरकून जागा करून दिली. माझ्याशी कुणी सहसा वाद घालत नाही.

आधी लोणी. गाणं सुरू झालं आणि मुलीने काय केलं, पहिला अख्खा आठ एका उजव्या हातावर काढला. तोच हात आधी पाण्यातून गेल्यासारखा, मग डिंकातून ओढल्यासारखा, मग अचानक लाकडाचा. पुढचे तीन आठही तसेच, एकात एक न मिसळलेले. आवाज पन्नास होते, तिने घेतले असतील दहा. पोत म्हणतात तो हा. मी झटक्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता, आणि प्रामाणिकपणे सांगते, मत्सर नव्हता चेहऱ्यावर. दुसऱ्याची नीट बसलेली लिफ्ट बघावी तसा बघत होता.

मग तो. पहिल्या आठात सगळं मुसळ केरात. ढोल, टाळी, टिकटिक, सगळ्यांवर तुटून पडला. मी डोळ्यांवर हात घेतला. म्हटलं, शनिवारची दुपार वाया, मटार वाया, मावशी वाया.

बोटांच्या फटीतून बघितलं तर तो थांबला होता. बिचकून थांबला की ठरवून, मला अजून माहीत नाही. पण गाणं पुढे चाललं होतं आणि तो दोन आकडे नुसता उभा होता. मग खालचा जाड आवाज आला आणि छाती त्यावर बसली. ढोल गेला, जाऊ दिला. टाळी गेली, जाऊ दिली. दुसरा आठ. तिसरा आठ तर असा, की हात खांद्यापासून निघून बोटापर्यंत येईस्तोवर काचेसमोरचे चौघे हलायचे थांबले. त्यातला एक न राहवून ओरडला, “ओहोहो दादा!”

झालं. कौतुक कानावर पडलं आणि चौथ्या आठात साहेबांना परत अंगात आलं. पन्नास आवाजांवर साठ हिट. टोपी उडून रस्त्यात पडली. बारा वर्षं उपाशी असलेल्याला पहिला घास दिला की तो ताट उलथवतो, त्यातला प्रकार.

चष्मेवाल्याने गाणं बंद केलं. “सोलो लोणीचा,” तो म्हणाला. “पण दादा, तुझा दुसरा आणि तिसरा… असा तू कधीच नाचला नाहीस. असं करू. दोन आठ लोणीचे, दोन तुझे. लोणी, चालेल?”

लोणीने मान हलवली. सगळे झटक्याकडे बघायला लागले. पूर्वी दोनदा असं मनाविरुद्ध झालं तेव्हा हा स्पीकर उचलून घरी निघून गेला होता. आताही तो स्पीकरकडेच वाकला. मी म्हटलं, चला, गेलं सगळं.

त्याने स्पीकर उचलला नाही. गाणं परत सुरुवातीपासून लावलं आणि डोळे मिटून उभा राहिला. चपला कधी काढल्या कुणास ठाऊक. दुसरा आठ होऊन गेला, तिसरा गेला, त्याने गाणं बंद केलं.

“दुसरा खरा नव्हता,” तो म्हणाला.

“म्हणजे?” चष्मेवाला.

“शेवटचे तीन आकडे मी अंदाजाने टाकले. गाण्यावर पडले ते नशिबाने. तिसरा बसला. मला तो एकच दे. बाकीचे तीन तिचे.”

“दादा, एक आठ म्हणजे पाच सेकंद.”

“माहीत आहे.”

“दोन देतोय ना मी?”

“दोन मला अजून पेलत नाहीत रे. एक पेलतो.”

मला तर उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अरे, दिलेलं कुणी परत करतं? विसातले दहा वाचले, ते घे आणि गप्प बस! ज्याने आयुष्यात एक टिकटिकसुद्धा दुसऱ्यासाठी सोडली नाही, तो आता उदार झाला. मी तोंड उघडणार होते. पण लोणी, जी महिन्यात चार वाक्यं बोलते, ती म्हणाली, “दादा, मी दुसऱ्याच्या शेवटी डावीकडे सरकते. तू उजवीकडून ये. मग चौथा मी घेते.” आणि दोघं काचेसमोर कुठे उभं राहायचं ते बघायला लागले. मला कुणी विचारलंच नाही. मी खुर्ची उचलली आणि वर आले.

ताईला सांगितलं तर तिचं भलतंच. “पाच सेकंद? पाच सेकंदांसाठी मी एवढ्या दोन बस बदलून येऊ?”

“नको येऊस.”

आली. नवीन पर्स घेऊन आली.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. पुढे तीन परीक्षक. एकाने हॉलमध्ये बसूनही काळा चष्मा लावलेला, दुसरी सारखी पाणी पीत होती, तिसरा झोपला नव्हता हे कळावं म्हणून मधूनमधून मान हलवत होता. नऊ मंडळं होती. सात बघून झाली तेव्हा मला असं झालं होतं, जणू कुणी माझ्या डोक्यात खिळे ठोकतंय. सगळे आदळणारे. सगळ्यांना सगळे आवाज पाहिजेत. मी ताईला प्रत्येक वेळी सांगत होते, “आदळते, आदळते, ही रेंगाळते,” आणि ताई म्हणत होती, “तू गप्प बस गं, लोक बघतात.”

मग आमचे आले. सहा जण, मग चौघे मागे सरले. लोणीचे दोन आठ झाले, ती डावीकडे सरकली आणि उजवीकडून माझा भाचा आला.

एक. काही नाही. दोन. काही नाही. टोपी, पोट, दोन पाय, एवढंच. ताईने माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. “विसरला गं!” तीनला खांदा निघाला. इतका हळू, की निघाला असं म्हणायलाही धीर होईना. ढोल गेला. टाळी गेली. हॉलमध्ये खुर्च्या करकरत होत्या, त्या थांबल्या. पाच, सहा, कोपर, मनगट. सातला सगळं अंग कुठेतरी पोचायच्या बेतात होतं, आणि आठाला तो जाड आवाज आला तेव्हा ते तिथे आधीच होतं. झालं. लोणीने चौथा आठ उचलला, मागचे चौघे पुढे आले, गडबड सुरू झाली.

“झालं?” ताई म्हणाली.

“झालं.”

“मला वाटलं आता सुरू होईल.”

नऊ मंडळांत आमचं चौथं आलं. काळ्या चष्म्याने पहिला नंबर अशा पोरांना दिला, ज्यांच्यापैकी एकाला मी मशीनची दुरुस्ती सुचवली असती. तो वेगळा विषय. पण त्या गडबडीत आमच्या पुढच्या रांगेतला एक माणूस, कुणाचा तरी बाप असावा, मागे वळला आणि म्हणाला, “अहो, तो मधला, टोपीवाला. तो कोण?”

ताईने पर्स सावरली, घसा खाकरला.

“माझा भाचा,” मी म्हटलं.

ताई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.